बंद फर्मा

सावध! येथून पुढील पाने बंद आहेत. ज्याच्या अंगात धीर असेल त्याने पट्टी न फोडता पुस्तक परत आणावे आणि पूर्ण किंमत घेऊन जावे. पट्टी फुटल्यास तक्रार चालणार नाही.

*

जुना कागद वाफेवर धरू नये. तो आधी फुगतो, मग रुसतो, आणि मग हातात उरतो तो नुसता पोपडा.

*

"ताई, सहा फर्मे छापून झाले. सातवा कधी पाठवताय? मशीन रिकामं फिरवून मी काय वारा घेऊ?"

*

कंपाउंडरनेच मारलं. दुसरं कोण मारणार?

*

दवाखान्यातला दिवा विझला. डॉक्टरच्या विधवेने थरथरत्या हाताने काडी ओढली. त्या एवढ्याशा उजेडात समोर जो चेहरा आला तो पाहून तिचं रक्त गोठलं, आणि तिच्या तोंडून शब्द फुटले —

*

आता हे सगळं एका टेबलावर आणू.

टेबल भाचीचं. दोन खोल्यांचं तिचं प्रकाशन. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, स्कॅनर आणि ती स्वतः; मागच्या खोलीत न खपलेली पुस्तकं आणि चहाची शेगडी. लोकांनी एकेकाळी प्रवासात वाचून बाकावरच टाकून दिलेल्या, रद्दीत गेलेल्या, वाळवीने निम्म्या खाल्लेल्या रहस्यकथा आणि भुताच्या कादंबऱ्या हुडकायच्या आणि आजच्या वाचकासाठी पुन्हा छापायच्या, हा तिचा धंदा. तिच्याआधी दोघातिघांनी तो करून पाहिला होता. त्यांनी जुनी भाषा घासूनपुसून काढली, भुतांना जरा माणसात आणलं, आणि वाचकांनी नाकं मुरडली. भाचीने मात्र प्रत्येक मुखपृष्ठावर एक ओळ छापली: ‘मूळ मजकूर, एकही शब्द न बदलता.’ तिचं सगळं दुकान त्या ओळीवर उभं होतं.

‘दवाखान्याची दुसरी किल्ली’ ही तिची आजवरची सर्वांत मोठी शिकार. बंद दवाखान्यात डॉक्टर मेलेला सापडतो, किल्ली त्याच्याच खिशात असते, अशी गोष्ट. सोळा सोळा पानांचे सात फर्मे, म्हणजे पुस्तक बांधताना एकावर एक रचायच्या सात घड्या. त्यातला सातवा फर्मा जुन्या प्रकाशकाने कागदी पट्टी चिकटवून बंद केला होता. फोडा आणि खुनी जाणून घ्या, किंवा मन मारा आणि पैसे परत न्या. विकण्याची युक्ती होती आणि ती चालली. इतकी चालली, की सगळ्यांनी पट्ट्या फोडल्या, पुस्तकं हातोहात फिरून फाटली, आणि जगात माहीत असलेली एकच प्रत उरली. ती मामाकडे होती. पट्टीसकट.

मामाने तरुणपणी ती विकत घेतली आणि फोडायचीही नाही अन् परतही करायची नाही, असा तिसराच मार्ग धरला. कारण त्याला खुनी कळला होता. कंपाउंडर! भाचीचे वडील म्हणजे मामाचे मेहुणे. ते म्हणत, विधवा. काडीच्या उजेडात तिला दिसला तो आरसा, स्वतःचाच चेहरा, बाकी सगळं नाटक. घरात चार माणसं जमली की हा खटला उभा राहायचा आणि ताटं वाळून जायची. गेल्या वर्षी वडील गेले. खटला तसाच राहिला.

महिनोन्‌महिने विनवण्या केल्यावर मामा कबूल झाला होता. पहिले सहा फर्मे त्याने आधीच स्कॅन करू दिले होते; पट्टी भाचीने फोडायची, त्याच्या डोळ्यांदेखत. मागणी आधीच नोंदवलेल्या वाचकांना तिने शब्द दिला होता: शेवटासह. मुखपृष्ठं छापून आली होती. मशीन आज तिच्यासाठी अडवून ठेवलं होतं, आणि प्रेसवाला अडून राहणाऱ्यातला नव्हता. आणि मामा टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक टेबलावर ठेवून, वर पंजा दाबून बसला होता.

"मामा, हात काढा."

"काढतो. घाई काय आहे?"

"प्रेसवाल्याला आहे ना."

"त्याला म्हणावं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून हे पुस्तक बंद आहे. अजून एक चहा होईल एवढं राहील बंद."

मामी खुर्चीत बसून टेबलावरच्या टाचण्या एका डबीत भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, लग्नात अंगठी काढायलाही एवढा वेळ लावला नव्हतात. द्या तिला."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढं कळतं की कंपाउंडर निर्दोष निघाला तर रात्री जेवण कोण करणार नाही."

मामाचा पंजा उचलला गेला. रागाने का होईना, उचलला गेला.

भाचीने पुस्तक पुढे ओढलं. सातव्या फर्म्याची पट्टी बाहेरच्या कडेने वळून आली होती आणि त्या फर्म्याच्या कोऱ्या पहिल्या पानाच्या तळाशी बोटभर जागा झाकून बसली होती. कागद बिस्किटासारखा झालेला. तिने कटरचं पातं आडवं धरलं, टोक पट्टीखाली सारलं आणि श्वास रोखला. कागद करकरला. मामाने डोळे मिटले. पातं केसभर पुढे, पुन्हा केसभर. एका कोपऱ्यातून पिवळी कपची उडाली आणि मामी "अगंबाई!" म्हणाली, पण कपची पट्टीचीच होती. शेवटी डिंकाने हार मानली. पट्टी अख्खी सुटून टेबलावर पडली, एखाद्या किड्याच्या कातीसारखी.

"वाच," मामा डोळे मिटूनच म्हणाला. "मोठ्याने वाच."

भाचीने आधीच्या पानावरची ओळ घेतली. "‘...तिच्या तोंडून शब्द फुटले —’" कोरं पान उलटलं. "‘मला मरून तीन वर्षं झाली, दादा. आता तरी माझी खाट सोड.’"

मामीच्या हातून एक टाचणी डबीबाहेर पडली.

"कोण मेलं?" मामाने डोळे उघडले. "विधवा? म्हणजे ती आधीच... अगं, पण मग पहिल्या प्रकरणात ती दूध उतू जाऊ देते, ते?"

"थांबा." भाची पुढे वाचत गेली आणि तिचा आवाज खाली खाली येत गेला. विहीर आली. उलट्या पावलांची नर्स आली. चौथ्या खाटेवरचा रोगी किंचाळला. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, किल्लीचा मागमूस नाही. पानांचे आकडे मात्र बरोबर जुळत होते.

मग तिची नजर पानाच्या तळाशी गेली. पट्टी निघाली तिथे बारीक अक्षरांत छापलं होतं: ‘चौथ्या खाटेवरची बाई – ७’.

तिला खुर्चीत मागे टेकावं लागलं. फर्मे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या पहिल्या पानावर तळाशी पुस्तकाचं नाव घालतात. बाइंडर तेवढंच पाहतो. इथे दोन पुस्तकं बहुधा एकाच वेळी बांधायला आली. त्या प्रकाशकाच्या बंद फर्म्याच्या मालेतली सगळी पुस्तकं सारख्याच पानांची. शेवटच्या फर्म्यांना पट्ट्या आधी चिकटवल्या, आणि पट्टी बसली ती नेमकी त्या नावावर. बाइंडरने डोळे झाकून गठ्ठे उचलले. या पुस्तकाचा शेवट गेला भुतांच्या कादंबरीत, आणि नर्स आली इथे.

"मग कोणी बोंब कशी मारली नाही?" मामी म्हणाली.

"कशी मारणार, मामी? फोडल्याशिवाय कळणार नाही, आणि फोडली की तक्रार चालणार नाही."

"हुशार मेला," मामी म्हणाली. प्रकाशकाला, की नशिबाला, ते तिने सांगितलं नाही.

फोन थरथरला. प्रेसवाला. "ताई, औषधाच्या खोक्यांचं काम दारात येऊन बसलंय. आत्ता पाठवताय का चढवू?"

"आत्ता पाठवते."

"आत्ता म्हणजे आमच्यातलं आत्ता की तुमच्यातलं?"

तिने फोन उलटा ठेवला. ती दुसरी कादंबरी तिने वर्षानुवर्षं नुसती जाहिरातींत पाहिली होती. तिची प्रत कोणाकडेच नव्हती.

मामा मात्र उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर रंग चढला होता. "लिही," तो म्हणाला.

"काय लिही?"

"शेवट. मी सांगतो, तू टाइप कर. अगं, सोळा पानं काय, मी तुला बत्तीस देतो. आयुष्यभर घोकलाय तो माणूस मी!"

भाची नको म्हणणार होती. पण बोटं आधीच कीबोर्डवर गेली, कारण मशीन थांबलं होतं आणि वाचकांना शब्द दिला होता. मामा खोलीत येरझाऱ्या घालत बोलू लागला. काडीच्या उजेडात कंपाउंडर, हातात दुसरी किल्ली, साबणाच्या वडीवर ठसा घेऊन बनवलेली. विष औषधात नव्हतंच, बाटलीच्या बुचात होतं. जुन्या लेखकाची ढब, वाक्य मध्येच तोडण्याची खोड, ‘हाय रे दैवा’ कुठे घालायचं, सगळं मामाच्या जिभेवर होतं. मामीने टाचण्या सोडल्या. दारावरून मोटार गेली तीही कोणी ऐकली नाही. आणि भाचीला घाम फुटला, कारण शेवट चांगला होता. खराच वाटत होता. या खोलीबाहेर कोणाला कधी कळलं नसतं.

"‘आणि गुप्तहेराने बेड्या अडकवल्या.’ संपलं!" मामा धापा टाकत खुर्चीवर बसला. "पाठव."

फाइल तयार झाली. फोन पुन्हा थरथरू लागला. भाचीचं बोट बटणावर होतं.

"पाठव ना गं. तुझ्या बापाला म्हणावं, बघ, छापून आलंय. आता बोल!"

बोट जागच्या जागी राहिलं.

"मामा, बाबा काय बोलणार?"

"अं?"

"ते उत्तर द्यायला नाहीत. तुम्ही जिंकणार, ते मी छापणार, आणि वर लिहिणार, एकही शब्द न बदलता. आरसा म्हणणारा माणूस खोटा पडणार, तोही माझ्या हातून."

"बदललं काय? शेवट हरवलाय, मी भरतोय. पुण्य आहे ते!"

"मग तुमचं नाव घालून भरू? ‘शेवट: मामा’?"

मामाला तेच नको होतं. नाव घातलं की तो त्याचा अंदाज झाला. बिननावाचा असला की निकाल.

"अगं, वाचक तुला फाडून खातील," तो म्हणाला. "रहस्यकथेला भुताचा शेवट! दुकान बसेल तुझं."

"बसेल कदाचित."

तिने फोन उचलला. "पाठवते आहे. सातवा फर्मा मूळ पानांवरून, जसा आहे तसा. आणि दादा, आपणही त्या फर्म्याला चिकटवणार आहोत त्या पट्टीचा मजकूर बदलायचाय. लिहून घ्या. ‘आत दुसऱ्याच पुस्तकाचा शेवट आहे. या पुस्तकाचा शेवट आम्हाला सापडला नाही. ज्याला पैसे परत हवेत त्याने पट्टी फोडूनही मागावेत.’"

"ताई, शुद्धीत आहात ना?"

"मशीन चालू करा."

सोळा पानं स्कॅनरखालून एकेक करून जाईपर्यंत मामा भिंतीकडे तोंड करून बसला. मग त्याने पुस्तक टॉवेलात गुंडाळलं. सुटलेली पट्टी मात्र टेबलावरच राहू दिली. टाइप केलेली फाइल भाचीने त्याच्यासमोर पुसून टाकली. त्याने मान वळवली नाही. मामीने भाचीच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्याच्या मागोमाग निघाली.

"कंपाउंडरच होता," मामा जिन्यात म्हणाला.

"पायरी बघा," मामी म्हणाली.

फार पूर्वी, ‘दवाखान्याची दुसरी किल्ली’ लिहायला घेण्याच्या आदल्या आठवड्यात तिच्या लेखकाने दाढी करून घेताना न्हाव्याला खुनी कोण ते सांगितलं होतं, आणि न्हाव्याला ते पटलं नव्हतं.