निवेसचं तुतीचं पिंप

मित्रांनो, मोन्तेलाराच्या चर्चकडून टेकडीचा रस्ता धरलात की द्राक्षांचे मळे लागण्याआधी एक पिवळं घर येतं. त्याच्या फाटकापाशी तांबड्या फुलांचं रोप डोक्यावर घेऊन मी उभं आहे. पाहुणे माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात आणि "काय गोड आहे!" म्हणतात. गोड कसलं डोंबलाचं! मी एक जुनं लाकडी पिंप आहे, तुतीच्या लाकडाचं, आणि माझ्या पोटात आज मातीशिवाय काही नाही. एके काळी माझ्या नुसत्या वासानं माणसं जिन्यावर थबकायची.

मी घडलं ते निवेससाठी. आमच्याकडे मुलगी जन्मली की बाप तिच्या नावानं माळ्यावर पिंपांची ओळ मांडतो आणि आटवलेल्या द्राक्षरसाचं व्हिनेगर मुरत घालतो. मुलीबरोबर तेही मोठं होतं, आणि लग्न झालं की ती ओळ तिच्यामागून सासरी जाते. निवेसचे बाबा, अन्सेल्मो, आम्हा पाचांना एकेक करून माळ्यावर चढवत होते तेव्हा शेजारचा गाल्यानो अंगणातून ओरडला, "काय रे, पोरगी झाली की पिंपं, मग पोरगा झाला की काय?"

"पोरगा झाला की ती रिकामी करणारा!" अन्सेल्मोंनी वरून उत्तर दिलं.

सगळं अंगण हसलं. मलाही तेव्हा हसू आलं.

ओळीत मी आकारानं सगळ्यांत धाकटं, म्हणून मान माझा. नवा रस जायचा थोरल्या पिंपात. तिथून दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकत, मुरत, दाट होत तो शेवटी माझ्याकडे यायचा. माझ्या तोंडावर पांढऱ्या कापडाची घडी आणि तिच्यावर नदीतला गोटा. उन्हाळ्यात कौलं तापून माळ्याची भट्टी व्हायची, हिवाळ्यात फटींतून धुकं आत शिरायचं. व्हिनेगरला दोन्ही लागतं. कडक थंडीत एक दिवस ठरवून अन्सेल्मो निवेसला घेऊन वर यायचे. माझ्यातलं थोडंसं काढायचे आणि काढलं तेवढं शेजारच्या मोठ्या पिंपातून भरायचे. मग त्या पिंपात त्याच्या शेजारच्यातलं, असं थोरल्यापर्यंत. ते तिला सांगायचे, "पोरी, धाकट्याला कधी तळाला जाऊ द्यायचं नाही. तळाशी राहतं ते विरजण. ते गेलं की सगळं गेलं."

निवेस मनगटावर एक थेंब घ्यायची, चाटायची आणि डोळे मिटून घ्यायची. तिचा धाकटा भाऊ ओरेस्ते जिन्याच्या तोंडाशी उभा राहून म्हणायचा, "बाबा, मला पण!"

"तू कशाला? तू रिकामी करणारा!" अन्सेल्मो हसत म्हणायचे. जेवणाच्या टेबलावर, द्राक्षांच्या तोडणीला, पाहुण्यांसमोर, ओरेस्ते दिसला की हाच विनोद. पोरगंही दात काढून हसायचं. अन्सेल्मोंनी त्याला भरायच्या दिवशी कधी वर घेतलं नाही.

निवेस लग्न होऊन दूर तोरिनो शहरात गेली. "बाबा, आमच्या फ्लॅटला माळा नाही हो. माळा असलेलं घर झालं की नेईन. आणि भरायला मी दर हिवाळ्यात येईन." एक-दोनदा आलीही. पुढे नोकरी, मुलं, आजारपणं. यायचं राहत गेलं. अन्सेल्मोंचे गुडघे गेले, त्यांची खाट खालच्या खोलीत आली. जिन्याची किल्ली ओरेस्तेच्या हाती गेली.

तेवढ्यात आमच्या गावाला पाहुण्यांचं वेड लागलं. ओरेस्तेच्या जिभेवर साखर होती. सकाळी तो पाहुण्यांना चर्च, मनोरा, कमानींचा बाजार दाखवायचा, दुपारी मळ्यांतून फिरवायचा, आणि संध्याकाळी आमच्या माळ्यावर आणायचा. चमच्यावर एकेक थेंब. "वा!" "आहाहा!" लोक टाळ्या वाजवायचे. मित्रांनो, जन्मभर चेष्टा ऐकलेल्या माणसाला टाळी फार गोड लागते हो. लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. थेंबाचा चमचा झाला, चमच्याची वाटी झाली.

एक बाई म्हणाल्या, "इतकं वाटताय, हे आहे कुणाचं?"

"माझ्या ताईचं."

"ती रागावणार नाही?"

"ती येते कुठे!" तो हसला, आणि माझ्यात पुन्हा पळी बुडाली.

"भरलंस का रे?" दर हिवाळ्यात खालून हाक यायची.

"भरलं हो बाबा!"

खरंच भरायचं त्याच्या मनात असे. पण नेमकी त्याच दिवसांत कुणाला बर्फातले मळे बघायचे असायचे, कुणाला धुक्यातला मनोरा. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात करता करता पळी माझ्या तळाला खरवडू लागली. माझा जीव थोडा थोडा झाला. पण पिंपाला ओरडता येत नाही. विरजण वाळलं, पुढच्या उन्हाळ्यात माझ्या फळ्या आक्रसल्या आणि कड्या सैल झाल्या.

आणि मग निवेसचा फोन आला. तिनं घर घेतलं होतं. माळा असलेलं.

ती टेम्पो घेऊन आली त्या दिवशी अन्सेल्मो दाढी करून, धुतलेली पांढरी चादर अंगावर घेऊन बसले होते. "ओरेस्ते, ते धाकटं पिंप खाली आण. ते मी माझ्या हातानं देणार तिला."

ओरेस्तेचं तोंड उतरलं. तो वर आला. कपाटातून दुकानातल्या व्हिनेगरच्या बाटल्या काढून त्यानं घाईघाईनं माझ्यात ओतल्या. कापड घातलं, गोटा ठेवला. खाली येऊन त्यानं मला बाबांच्या मांडीवर ठेवलं.

अन्सेल्मोंनी मला लेकरासारखं कुशीत घेतलं. "निवेस, बघ, तुझ्याच वयाचं आहे हं!"

आणि मी गळू लागलं. वाळलेल्या फटी कुठे धरून ठेवणार? पांढऱ्या चादरीवर काळा डाग पसरत गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हाताऱ्यानं डागावर बोट टेकवलं, जिभेला लावलं आणि बराच वेळ डोळे मिटून घेतले.

"दुकानातलं," ते म्हणाले.

निवेसनं माझ्या तोंडावरचं कापड काढून वास घेतला. "काय केलंस रे हे!" म्हणत ती रडू लागली. "आणि मी तरी कुठे आले? दर वर्षी येईन म्हणाले होते."

ओरेस्ते खाटेशी गुडघ्यांवर बसला. "बाबा, शिव्या द्या मला. काहीतरी बोला."

अन्सेल्मोंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "कसल्या शिव्या देऊ? सगळ्या गावासमोर तुला रिकामी करणारा म्हणत आलो. भरायला मात्र एकदाही बोलावलं नाही."

त्या वर्षीची द्राक्षं पिकायच्या आत अन्सेल्मो गेले.

बाकीच्या चौघांत थोडं थोडं उरलं होतं, त्यांचं विरजण जिवंत होतं. त्यांना निवेस घेऊन गेली, आणि मला ओरेस्तेनं माती भरून इथे फाटकापाशी ठेवलं. यंदा थंडी पडल्यावर तिचा फोन आला तेव्हा ओरेस्ते अंगणातच होता, म्हणून मला ऐकू आलं. "भरायला ये रे," ती म्हणत होती, "सुरुवात तुझ्या हातानं करू." तो पहाटेच निघाला. जाताना माझ्यापाशी थांबला आणि माझ्या फळ्यांवरून हात फिरवून गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी वर्षानुवर्षं मुरवलेलं काही असेल. त्यातलं खुशाल घ्या, पाहुण्यांनाही द्या, पण काढाल तेवढं त्याच हिवाळ्यात भरा. आणि जिन्याच्या तोंडाशी जे पोर उभं असेल ना, त्यालाही वर बोलवा. त्याच्या हातात पळी द्या. मला आता भरून उपयोग नाही. काल पाऊस झाला. पोटात आलेलं पाणी संध्याकाळपर्यंत फटींतून सगळं निघून गेलं.