एका फटक्यापुरता

मित्रांनो, मी एक जुना दांडका आहे आणि माझे काम मारण्याचे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे फसवल्यासारखे वाटणार नाही. पतंगाच्या, शाळेच्या घंटेच्या गोष्टी गोड असतात. माझ्या गोष्टीत रक्त आहे. तरी ऐका, कारण ती सांगायला माझ्याखेरीज कुणी उरलेले नाही.

माझा जन्म अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूट गावचा, तांब्याच्या खाणींच्या पोटातला. आधी मी कुदळीचा दांडा होतो. एका दुपारी हजार हात खोल बोगद्यात छत खाली आले. ज्याच्या हातात कुदळ होती तो माणूस दगडांखालीच राहिला आणि मी मधोमध मोडलो. त्याचा जोडीदार आर्वो कांगस वाचला. वर उजेडात आला तेव्हा माझा एक तुकडा त्याच्या मुठीत होता. कसा आला, त्यालाही ठाऊक नव्हते. मूठ उघडायला दोघे जण लागले.

घरी त्याने मला तासले, वीत-दीड वीत लांबीचे केले, डोक्याला भोक पाडले आणि त्यात वितळलेले शिसे ओतले. ते आत उतरताना मी चरचरलो, धुरावलो. निवलो तेव्हा माझे डोके जड झाले होते. शेपटाला चामड्याचा फास बांधून आर्वोने मला हवेत एकदा फिरवले आणि म्हणाला, "झालं. आता मासा तडफडणार नाही."

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. ट्राउट मासा गळाला लागून काठावर आला, की तो हवेत बुडतो. आपण पाण्यात बुडतो ना, तसा. गवतावर टाकून दिला तर बराच वेळ मरत राहतो. डोळ्यांच्या किंचित मागे एक फटका बसला, की अंग थरथरते, कल्ले एकदाच पसरतात आणि सगळे शांत होते. दुसरा फटका पडला, तर मारणाऱ्याने मान खाली घालायची असते. मी एका फटक्यापुरता होतो, आणि त्याचा मला अभिमान होता.

आर्वोचे हात तुम्ही पाहायला हवे होते. खाणीत ते दगड फोडत. घरी ते, सांगायला जीभ अडखळते, माणसे फोडत. नदीवर मात्र त्याच हातांनी तो केसाएवढ्या दोऱ्याच्या गाठी मारी आणि पिसांचा खोटा किडा असा बांधी, की खरा किडाही फसावा. म्हणून त्याची लेक एल्मा नदीवर जीव टाकी. बारा वर्षांची, लाल नाकाची, बापाला फिनिश बोलीत 'इसा' म्हणणारी. नदीवरचा इसा तिचा होता. घरचा इसा कुणाचा होता कोण जाणे.

त्या वर्षी थंडी संपता संपता आर्वोने बायकोला ढकलले. लेंपी तापल्या शेगडीवर पडली आणि कोपरापासून मनगटापर्यंत भाजली. "पाय घसरला," तिने डॉक्टरला सांगितले. एल्मा दारात उभी होती. सगळे ऐकत होती, आणि तीही काही बोलली नाही.

जून उजाडला. बिग होल नदीतून बोटाएवढे, नारिंगी पोटाचे किडे वर येऊ लागले. हे किडे रोज थोडे थोडे नदीच्या उगमाकडे सरकतात. त्यांच्यामागे वेडे होऊन ट्राउट सरकतात, आणि ट्राउटमागे आमच्यासारखे तंबूवाले. आज या वळणावर मुक्काम, उद्या वरच्या पुलाशी. दर वर्षी आर्वो लेकीला घेऊन दहा दिवस त्या किड्यांचा पाठलाग करी. निघताना लेंपी गाडीच्या खिडकीशी आली. हाताला अजून पट्टी होती.

"घेऊन जा तिला. पण एक ऐकून ठेव, आर्वो. या दहा दिवसांत तुझा हात कुणावरही उठला, तर मी पोरीला घेऊन अस्टोरियाला बहिणीकडे जाईन. मग नदीही नाही आणि लेकही नाही."

"कुणावर उठणार आहे? माशांवर?" आर्वो हसला.

लेंपी हसली नाही.

पहिले पाच दिवस, मित्रांनो, सोन्याचे गेले. जुनी खटारा गाडी धूळ उडवत वर वर चढे. पाण्याजवळ पाइनच्या सावलीत आम्ही ताडपत्रीचा तंबू ठोकत असू. घरून आणलेल्या, मटण-बटाटा भरलेल्या करंजीसारख्या पेस्ट्या संपल्यावर मक्याच्या पिठात घोळवलेले ट्राउट, डुकराच्या चरबीत तळलेले. मी आर्वोच्या कमरेला लटकलेला असे. ज्याने पकडला त्याने मारायचा, असा आर्वोचा दंडक. म्हणून एल्माही मला हातात घेई. ती ओठ दाबून मारी, नेमके मारी, आणि मग माशाला ओल्या गवतात गुंडाळताना गुणगुणे:

पाण्याच्या लेका रे, नीज आता नीज,
पाठीवर ठिपके, पोटावर वीज.

"मेलेल्याला अंगाई?" आर्वो चिडवी.

"मग काय जिवंत असताना म्हणू? तेव्हा तो ऐकतो कुठे!"

सहाव्या दिवशी सकाळी खालच्या डोहात एक म्हातारा उभा होता. क्लेम हॅगर्टी. रेल्वेत तीस वर्षे मालगाड्यांचे ब्रेक लावून निवृत्त झालेला, एका हाताला तीनच बोटे. एकाच मोठ्या माशासाठी तो उजाडल्यापासून तिथे कमरेएवढ्या पाण्यात होता. नदीवर एक रीत आहे. ज्याचा डोह त्याचा. दुसऱ्याने त्यात पाऊल घालायचे नाही. आर्वोने दुरूनच टोपी उचलली आणि आम्ही पन्नास पावले वर थांबलो.

मग एल्माच्या गळाला एक मोठा मासा लागला. गळाची काठी कमानीसारखी वाकली, दोरा किंचाळला. मासा प्रवाहाबरोबर खाली पळाला आणि एल्मा दगडांवरून उड्या मारत त्याच्यामागे. मोठा मासा असा पळाला, की दुसऱ्याने आपला दोरा उचलून वाट द्यायची, हीसुद्धा नदीची रीत आहे.

"इसा!" ती ओरडली. "इसा, दांडका आण! लवकर!"

मित्रांनो, मला तिनेच बोलावले. आर्वोने मला कमरेवरून ओढले आणि पाणी तुडवत धावला. तो हसत होता. त्याच्या मुठीत मीही हसत होतो. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी धावलो नव्हतो.

खाली मासा क्लेमच्या डोहात घुसला होता आणि दोन दोरे एकमेकांत अडकले होते.

"दोरा उचल, पोरी!" क्लेम गुरगुरला.

"नाही उचलता येत! तुम्ही उचला ना, आजोबा! फक्त एकदा!"

म्हाताऱ्याने खिशातून चाकू काढला आणि तिचा दोरा कापला.

काठी सरळ झाली. एल्मा मटकन पाण्यातच बसली.

"खाणवाल्याची ना तू?" क्लेम म्हणाला. "नदी म्हणजे तुमची गल्ली नव्हे, कुठूनही घुसायला."

आर्वो पोहोचला तो याच वाक्यावर. त्याचे हसू कुठे गेले मला दिसले नाही. मला फक्त मूठ कळली. ती घट्ट झाली. बोगद्यातून वर आली होती, तशी.

पहिला फटका क्लेमने आडव्या धरलेल्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ठाऊक नव्हता. ओल्या फांदीचा असतो तसा असतो तो, फक्त फांदी ओरडत नाही. म्हातारा काठाकडे धडपडला. दुसरा फटका गुडघ्यावर, बाजूने. तो गोट्यांवर कोसळला, त्याची टोपी वाहून गेली. कपाळ दगडावर आपटून फुटले, रक्त माझ्या डोक्यावर उडाले. ते गरम होते. माशाचे रक्त थंड असते, मित्रांनो. इतकी वर्षे मी फक्त थंड रक्त ओळखत होतो.

तिसऱ्यांदा आर्वोने मला उचलले. त्याची नजर कुठे होती ते मी पाहिले. डोळ्यांच्या किंचित मागे. ती जागा आम्हा दोघांना पाठ होती.

मला थांबायचे होते. माझ्या डोक्यातले शिसे मला खाली ओढत होते.

"इसा! तो मासा नाहीये!"

एल्मा त्याच्या दंडाला लोंबकळली होती. त्याने तिला झटकले, ती पाण्यात आपटली, उठली, पुन्हा लोंबकळली. "मासा नाहीये तो, इसा! बघ ना, मासा नाहीये!"

आर्वोने पाहिले. मूठ उघडली. मी गोट्यांवर पडलो.

मग तो रडकुंडीला येऊन म्हाताऱ्याचे रक्त स्वतःच्या सदऱ्याने पुसू लागला. दोघांनी मिळून त्याला गाडीत चढवले. डॉक्टरचे गाव वीस मैलांवर, रस्ता खडीचा. आर्वो चालवत होता, दाराशी पाय पसरून क्लेम आणि मध्ये एल्मा. तिने मला उचलून आणले होते. मी तिच्या मांडीवर होतो, न धुतलेला.

"हळू हाक, हलकटा," क्लेम कण्हला. "हात माझा मोडलाय, तुझा नाही."

"रस्ताच तसा आहे."

"तीस वर्षं ब्रेक लावले मी. पण तुझ्यासारखा डबा नाही बघितला. ब्रेकच बसवलेला नाही!"

 मग म्हातारा खिडकीबाहेर बघत पुटपुटला, "दोरा कापायला नको होता मी. चांगला मासा होता तुझा, पोरी."

"तुमचाही गेला ना?"

"गेला. तुझ्या बापाच्या धिंगाण्यानं नदीत मासा राहिला असेल तर शपथ."

 आर्वोने लेंपीचे शब्द सांगितले, अस्टोरिया सांगितले. "शेरिफकडे तक्रार केलीस तर पोर जाईल माझी. पाया पडतो तुझ्या."

क्लेमने एल्माकडे पाहिले. तिच्या गुडघ्यातूनही रक्त येत होते. "घसरलो म्हणेन," तो म्हणाला. "दगडांना शेवाळ असतंच. पोरीकडे बघून हं. तुझ्याकडे बघून नाही."

आर्वोने इतका मोठा श्वास सोडला, की समोरची काच धुरकटली. दोन मैल गेले. मग तो हलकेच म्हणाला, "एल्मा, संध्याकाळपर्यंत परत फिरू. किडे उद्या वरच्या पुलाशी असतील. तो मुक्काम चुकायला नको."

 माझ्याभोवतीची एल्माची बोटे थंडगार झाली.

दवाखान्यात डॉक्टरने क्लेमचा हात चाचपला. "काय रे क्लेम, हे काय करून घेतलंस?"

"घसरलो."

"हात, गुडघा आणि कपाळ? एकदाच?"

"शेवाळ फार होतं."

तेव्हा एल्मा पुढे झाली आणि तिने मला टेबलावर ठेवले, औषधांच्या बाटल्यांशेजारी.

"ते घसरले नाहीत," ती म्हणाली.  "माझ्या इसानं मारलं. ह्या दांडक्यानं. दोनदा मारलं, तिसऱ्यांदा उगारलं. आणि आईसुद्धा शेगडीवर घसरली नव्हती."

आर्वोचा हात उठला.

मित्रांनो, त्या क्षणी खोलीतल्या बाटल्याही श्वास रोखून होत्या. एल्मा हलली नाही. तिने डोळेही मिटले नाहीत. उठलेला हात हवेत थांबला, मग हळूहळू वर गेला, आणि आर्वोने डोक्यावरची टोपी काढली. तो बाकावर बसला.

"खरं आहे," तो म्हणाला. "बोलवा शेरिफला."

त्याला तीन महिन्यांची कैद झाली. लेंपीने शब्द पाळला. ऑगस्ट संपायच्या आत ती आणि एल्मा अस्टोरियाच्या गाडीत बसल्या. माझ्या गळ्यात पुराव्याची चिठ्ठी बांधून मला शेरिफच्या कचेरीतल्या कपाटात टाकण्यात आले. वर हातोडा, शेजारी गंजलेला सुरा, खाली एका बाईचा एकच बूट. प्रत्येकाची एक गोष्ट होती आणि कुणालाही ती सांगायची नव्हती. दोन हिवाळे गेले. माझा फास वाळून तडकला.

त्यानंतरच्या जूनमध्ये कपाट उघडले. कचेरीतल्या बाईने मला बाहेर काढून टेबलावर आपटले. समोर आर्वो उभा होता. केस पिकलेले, मिशी उतरवलेली. त्याच्या शेजारी हातभर वाढलेली एल्मा, आईच्या परवानगीने आठ दिवसांसाठी आलेली.

"तुमचाच ना हा?" बाई म्हणाली. "इथं सही करा आणि घेऊन जा. कपाट रिकामं करायचंय मला."

आर्वोने मला खूप वेळ पाहिले. त्याची बोटे जराशी वळली, ज्या आकारात मी बसत असे त्या आकारात. मी वाट पाहिली. खोटे कशाला बोलू, माझा जीव त्या मुठीसाठी तुटला.

"माझाच," तो म्हणाला. "पण नको."

"अहो, मग मासे कशानं मारणार?"

"माझा आहे ना," एल्माने पिशवीतून एक काटकुळा दांडका काढून दाखवला. "मीच केलाय. विलोचा, शिसं नाही त्यात. माणसाला मारला, तर दांडकाच मोडेल."

"मोडून बघितलास वाटतं?" आर्वोने विचारले.

"दाराच्या चौकटीवर. पहिला मोडला, चौकट शाबूत आहे."

तो हसला. आधी घाबरत घाबरत, मग मोकळा. त्याच्या त्या रिकाम्या, अजून अर्धवट वळलेल्या मुठीत एल्माने आपली बोटे सरकवली आणि दोघे बाहेर पडले.

बाईने चिठ्ठी तोडली, इकडेतिकडे पाहिले आणि मला वर सरकणाऱ्या खिडकीच्या फळीखाली टेकू म्हणून उभे केले. त्याला कित्येक वर्षे झाली, मी अजून इथेच आहे. खिडकी माझ्या जड डोक्यावर उघडी राहते आणि जूनमध्ये नदीचा वास आत येतो.

माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरी चाकू असेल, बत्ता असेल, क्रिकेटची बॅट असेल. आम्हाला धुवा, पुसा, तेल लावा, जागच्या जागी ठेवा. पण त्याहूनही एक जपा. आम्ही मुठीत आलो, की मुठीचे होतो. मूठ जिकडे नेईल तिकडे जातो आणि जाताना आम्हाला बोलता येत नाही. तिसऱ्यांदा उचलला गेलो तेव्हा मी आतल्या आत किती ओरडलो, ते कुणाला ऐकू गेले? एका मुलीचे ऐकू गेले, म्हणून एक म्हातारा वाचला. तेव्हा राग आला आणि हात आमच्याकडे वळला, तर आमच्या वतीने 'नको' तेवढे तुम्ही म्हणा. आणि दुसऱ्याच्या मुठीत आम्ही दिसलो, तर मोठ्याने म्हणा.