खुशीच्या घशात उतरलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे बघणारी नव्हे, मित्रांनो, घशातून पोटात उतरणारी. करंगळीएवढी काळी नळी, टोकाला इवलासा दिवा आणि आतून सरकणारा चिमटा, एवढाच माझा संसार. जन्म परदेशातल्या कारखान्यातला, पण सारं आयुष्य विरारच्या एका दवाखान्यात गेलं.

लोकांच्या घशातून मी काय काय काढलं म्हणून सांगू! माशांचे काटे, पिना, एका आजोबांची तर अख्खी कवळी. नाणी म्हणाल तर पैशाला पासरी! डॉक्टर संपदा माझं तोंडभरून कौतुक करायच्या आणि मीही फुशारून जायची.

मग एका दुपारी वसईहून दोन वर्षांची खुशी आली. तोंडातून सारखी लाळ गळत होती, पाण्याचा घोटही उलटत होता.

तिचे आजोबा धर्मा सांगू लागले, "काल देवापुढचं नानं गिळलं, बाई. आमच्यात नानं गिळलं का केळी चारतात. आपल्याच वाडीतली चारली. सकाळी पडंल बोल्लो."

एक्स-रे पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला. आत अडकलेल्या गोल वस्तूची कड दुहेरी दिसत होती.

"हे नाणं नाही, बटन सेल आहे, नाण्यासारखी चपटी बॅटरी. घरात बॅटरीवरचा दिवा आहे का?"

"देव्हाऱ्यात आहे," खुशीची आई मीरा पुटपुटली. "झाकण तुटलं होतं. मी चिकटपट्टी लावलेली."

खुशीला भूल देऊन मला आत सोडलं. वाटेत केळ्याचा लगदा अडकला होता. त्याखाली सेल अन्ननलिकेला चिकटून बसला होता आणि त्यातल्या विजेने भोवतीचं मांस जळून काळं पडलं होतं. मी तो चिमट्यात धरून बाहेर आणला. त्या दिवशी कोणी माझं कौतुक केलं नाही.

खुशी जगली, पण जळलेली अन्ननलिका आकसली. आता पेजसुद्धा तिला नाकातल्या नळीतून देतात. दवाखान्यात नवी दुर्बीण आल्यापासून मी कपाटात धूळ खात असते. मी बारीक म्हणून फक्त खुशीची आकसलेली अन्ननलिका तपासायला मला काढतात. पूर्वी कपाटाचं दार उघडलं की मला आनंद व्हायचा. आता ते उघडूच नये असं वाटतं.

मित्रांनो, सेलचं झाकण सैल दिसलं तर घरातल्या मोठ्यांना लगेच सांगा. कोणी सेल गिळला, किंवा नुसती तशी शंका जरी आली, तरी केळी चारत सकाळची वाट बघू नका. त्याच पावली मोठा दवाखाना गाठा.

मागच्या खेपेला खोलीच्या दाराशी कोणीतरी केळं सोलत होतं. खुशीने हात पुढे केला. धर्माआजोबांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तिला तपासायला आत बोलावेपर्यंत सोडला नाही.