पिवळा आहे, खराब नाही

मी एक जुना तांदळाचा दाणा आहे, आणि माझा रंग पिवळा आहे. मित्रांनो, हे वाचून तुमच्यातल्या कुणी नाक मुरडलं असेल तर खुशाल मुरडा. मला सवय आहे. शेतातून बाहेर पडल्यापासून जो तो माझ्याकडे बघून एकच विचारतो, "हा खराब झालाय का?" नाही झालो. मी मुळातच असा आहे आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही.

सध्या मी एका काचेच्या बाटलीत राहतो. बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. माझ्या अंगावर टरफल अजून आहे, गिरणीत ते निघायचं राहिलं, फक्त एका बाजूने चिरलंय, आणि त्या चिरेतून माझा रंग दिसतो. माझ्या बरोबरीचे सगळे कधीच शिजले आणि खाल्ले गेले. खरं सांगू, मला त्यांचा हेवा वाटतो.

माझं घराणं प्रयोगशाळेतलं. साधा पांढरा तांदूळ पोट भरतो, पण त्यात 'अ' जीवनसत्त्व नसतं. ज्या मुलांच्या ताटात भाताशिवाय फारसं काही नसतं, त्यांचे डोळे त्यामुळे दुबळे होतात. म्हणून काही संशोधकांनी मक्याचं एक जनुक आणि मातीतल्या एका जिवाणूचं एक जनुक आमच्या पूर्वजांत बसवलं. जनुक म्हणजे पेशीला दिलेली सूचना. आम्हाला सूचना मिळाली की गाजरात असतो तो पिवळा पदार्थ दाण्यातही बनवा. आम्ही बनवला. तो खाल्ला की माणसाचं शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करतं. यात जादूटोणा काही नाही.

आमच्या संशोधक बाई जाळी लावलेल्या वाफ्यात चिखलात उभ्या राहून आम्हाला वाढवायच्या. बाहेर लोक भांडायचे. कुणी म्हणायचं हे विष आहे, कुणी म्हणायचं हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. मित्रांनो, प्रश्न विचारायलाच हवेत, मी कुणाचं तोंड धरत नाही. हव्या तितक्या वेळा तपासा, दळा, शिजवा, यंत्राखाली घाला. आमचं तसं सगळं झालं आणि मगच परवानगी मिळाली. पण "शी, पिवळा!" हा काही प्रश्न नव्हे. आणि "त्यापेक्षा भाज्या खाव्यात" म्हणणाऱ्यांना मी सांगतो, जरूर खाव्यात, भाजीशी माझं काही वैर नाही. ज्याच्या घरी भाजी पोचत नाही, त्याच्यासाठी मी आलोय.

परवानगीनंतर आमची पोती भातगिरणीत आली. तिथे एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये बायका सुपं घेऊन बसतात आणि तांदूळ निवडतात. खडा बाहेर, तूस बाहेर, आणि पिवळा दाणा तर आधी बाहेर. पिवळा म्हणजे ओल लागलेला, कुजका, असा त्यांच्या कामाचा नियम. त्या शेडमधली सगळ्यात तरबेज निवडणारी म्हणजे भिंगरीची आई. ती शेजारणीशी गप्पा मारत असायची आणि तिची बोटं आपोआप पिवळा दाणा उचलून मागे टाकायची.

त्या दिवशी मुकादम म्हणाला, "बायांनो, आज पिवळा टाकायचा नाही. आज तोच माल आहे."

"मग आम्ही इथे करायचं काय? माशा मारायच्या?" भिंगरीची आई म्हणाली, आणि शेडभर हशा पिकला. तिने एक दाणा ओल्या बोटाने चोळून पाहिला, रंग सुटतोय का म्हणून. तो काही सुटला नाही. तरी तिने तोंड वाकडं केलं.

आता भिंगरीबद्दल सांगतो. घरात एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. पण दिवस कलला की हीच भिंगरी भिंत धरून बसायची. दिवेलागणीला तिला उंबरा दिसायचा नाही, पाण्याची बादली दिसायची नाही. एकदा ती चुलीच्या कडेवर हात ठेवून बसली आणि तळहात भाजून घेतला. आदल्या वर्षी गावच्या दवाखान्यातल्या नर्सताईंनी औषधाचा डोस दिला तेव्हा तिला बरं वाटलं होतं, पण काही महिन्यांनी पुन्हा तेच सुरू झालं. नर्सताईंनी या वेळी तिच्या आईला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "डोस मी पुन्हा मागवलाय. पण नुसत्या डोसावर किती दिवस काढणार? रोजच्या जेवणातून मिळायला हवं. आज तिला संध्याकाळी दिसत नाही. असंच राहिलं तर बुबुळावर फूल पडेल, आणि मग काही करता येणार नाही."

आणि गिरणीतून दवाखान्यात वाटपासाठी आलेल्या आम्हाला त्यांनी पुढे केलं. अर्धा पांढरा, अर्धा पिवळा, असा मिसळलेला तांदूळ. कशासाठी, कुठून आला, सगळं नीट समजावून सांगितलं. आईने मान हलवली, पिशवी घेतली आणि घरी आली.

घरी येऊन तिने काय करावं? सूप घेतलं, आम्हाला त्यात ओतलं, आणि एकेक पिवळा दाणा वेचून बाजूला काढला.

मित्रांनो, मी तिथेच होतो. माझं टरफल सुपाच्या कोपऱ्यातल्या विणीत अडकलं आणि मी रुतून बसलो, म्हणून तिच्या बोटांतून वाचलो. पुढे रोज संध्याकाळी मी तोच तमाशा पाहिला. भिंगरीच्या ताटात पांढराशुभ्र भात पडायचा आणि माझे भाऊ परसातल्या कोंबड्यांना जायचे. कोंबड्या खाऊन खाऊन अशा माजल्या की मांजरावर धावून जाऊ लागल्या. इकडे पोर भिंत चाचपडत होती. माझा असा तिळपापड व्हायचा की काय सांगू. पण दाण्याचं ऐकतो कोण?

नर्सताई एकदा डोकावल्या. "काय गं, तांदूळ खातेय ना पोर?"

"खाते की. अगदी निवडून घालते," आई म्हणाली.

तिच्या परीने ती खरंच बोलत होती. तिने लबाडी केली नव्हती. आयुष्यभर ज्या दाण्याला तिने मागे फेकलं तो पोटच्या पोरीला घालायला तिचा हात धजत नव्हता. वाईट तांदूळ पोरीच्या ताटात जाऊ नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून निवडत होती. मला तिचा राग यायचा आणि तिच्याबद्दल वाईटही वाटायचं.

मग एका संध्याकाळी भिंगरी आईला खेटून बसली. "मी पण निवडते," म्हणाली.

"निवड. पिवळे इकडे टाक, पांढरे तिकडे."

दिवा अजून लावला नव्हता. दारातून थोडा उजेड येत होता, आईला तेवढा पुरत होता. दोघी निवडत बसल्या. थोड्या वेळाने आईने लेकीच्या ढिगाकडे पाहिलं. पिवळे न् पांढरे दोन्हीकडे सारखेच पडले होते.

"अगं, हे काय केलंस? लक्ष कुठाय तुझं?"

"नीट केलं ना," भिंगरी म्हणाली. "आई, पण यात पिवळे आहेत कुठे? मला तर सगळे काळेच दिसतात."

आईचा हात सुपावरच थांबला. तिने एक पिवळा दाणा उचलून लेकीच्या डोळ्यांसमोर धरला. "हा कसला आहे?"

"काय आहे हातात?" भिंगरीने विचारलं.

आईने दाणा खाली ठेवला.  मग तिने लेकीचे दोन्ही ढीग एकत्र केले, स्वतःचेही दोन्ही ढीग त्यात ढकलले, आणि सगळं पातेल्यात ओतलं. दारात कोंबड्या आशेने उभ्या होत्या, त्यांना तिने हाकलून दिलं. भात शिजला तो फिका पिवळा झाला. तिने त्यावर चमचाभर तेल घातलं, कारण तेलाशिवाय आमचा गुण अंगी लागत नाही असं नर्सताईंनी सांगितलं होतं. पहिला घास तिने स्वतः खाल्ला आणि बराच वेळ चावला. दुसरा भिंगरीला भरवला.

"कसा लागतोय?"

"भातासारखा," भिंगरी म्हणाली.

मी विणीत अडकल्या अडकल्या हे ऐकलं आणि माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं आमच्यावरून केवढा गदारोळ झाला, पण एवढं साधं कुणीच बोललं नव्हतं.

पुढे रोज तोच भात. मधे नर्सताईंचा डोसही आला. तेव्हा गुण डोसाचा की माझा, असा वाद घालायला तुम्ही मोकळे आहात. मी एवढंच म्हणेन की डोस आला नि गेला, मी मात्र रोज ताटात होतो. झटकन काही झालं नाही. आधी भिंगरी भिंत सोडून चालू लागली. मग बादली ओलांडू लागली.

आणि एका संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, आई खडे निवडत होती आणि भिंगरी शेजारी बसली होती. ती एकदम सुपावर वाकली. तिने कोपऱ्यात नख घालून मला अलगद बाहेर काढलं.

"आई, हा बघ, एक राहिलाय. पिवळा आहे."

गिरणीतल्या सगळ्यात तरबेज नजरेतून मी निसटलो होतो. इतके दिवस रोज तिच्या बोटांखाली होतो, तरी तिला दिसलो नव्हतो. पोरीने मला दिवेलागणीच्या अंधारात शोधलं. आईने मला हातात घेतलं, लेकीकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. "याला नाही शिजवायचं," म्हणाली. "याला जपून ठेवू."

तेव्हापासून मी बाटलीत आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला भिंगरी मला दाखवते, "हाच तो." मान मिळतो, नाही म्हणत नाही. पण खिडकीतल्या उन्हाने माझा रंग विटत चाललाय. आमचा गुण उजेडात टिकत नाही. आणखी काही महिन्यांनी मी चारचौघांसारखा फिका दिसेन आणि मग कुणी नाकही मुरडणार नाही. तसलं जगणं मला नको.

मित्रांनो, माझ्यासारखे आपली कहाणी सांगणारे सगळे शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला जपू नका. मी शोभेसाठी जन्मलो नाही. कुठे तुमच्या ताटात माझा एखादा भाऊ दिसला तर त्याची हवी तेवढी चौकशी करा, पण नुसत्या रंगावरून त्याला बाजूला सारू नका. आणि माझं म्हणाल तर माझ्या टरफलाखाली अजून कोंब आहे. उगवेन की नाही, सांगता येत नाही. पण भिंगरीच्या शेजारच्या घरात एक धाकटं पोर हल्ली दिवेलागणीला भिंत धरून बसतं, हे मी या खिडकीतून रोज पाहतो. कुणीतरी बाटलीचं झाकण काढा आणि मला मातीत टाका.