जड पिस्तुलाची नवी मूठ

मी पिस्तूल बोलतोय. दचकू नका! आजवर मी कागदाखेरीज कशालाही भोक पाडलेलं नाही. नेमबाजीच्या क्लबातल्या लोखंडी कपाटात मी राहतो. पोलादी अंग, लांब नळी, लाकडी मूठ. अंगापिंडानं चांगलाच थोराड.

कारखान्यातून आलो तेव्हा वाटलं, आता सगळे माझ्यावर उड्या टाकणार. कसलं काय! जो तो मला उचलायचा, तोंड वाकडं करायचा आणि परत ठेवायचा. शेजारच्या खणात एक चिमुकलं, चकचकीत पिस्तूल होतं. नवे लोक त्याच्यावर लट्टू. मी आपला तेल पिऊन पडून.

मग एक दिवस क्लबातल्या एका जुन्या सभासदानं आपल्या वहिनींना आणलं. वहिनी दातांच्या डॉक्टर. दीर म्हणाले, "वहिनी, तुमचा हात नाजूक. हे छोटंच घ्या."

त्यांनी घेतलं. ठो! छोटुकलं असं उसळलं, की अंगठ्याच्या बेचक्यातलं सालटं निघालं. करंगळीला तर मुठीवर जागाच नव्हती. तरी त्या चिकाटीनं येत राहिल्या. हळूहळू मात्र चाप ओढण्याआधीच त्यांचे डोळे मिटायला लागले. गोळ्या मातीच्या भिंतीत जायच्या, कागद कोरा करकरीत.

शेवटी त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं. हात थरथरत होता.

"भाऊजी, आता पुरे. मला या हातांनी लोकांच्या तोंडात काम करायचंय. तिथे असा हात घेऊन कशी जाऊ?"

नेमबाजी शिकवणाऱ्या कोचबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी मला कपाटातून काढलं. "जाण्याआधी हे बघा. हलकं पिस्तूल सगळा धक्का हाताला देतं. जड असलं की बराचसा स्वतःच पचवतं."

"अहो, त्यांना पेलवेल का?" दीर म्हणाले.

"भाऊजी, मी अक्कलदाढा उपटते," वहिनी म्हणाल्या. "पेलवेल."

पेलवलं, पण बोट चापापर्यंत पुरेना. माझी मूठच जाडजूड! मी मनातून खचलो. वहिनींनी मात्र मला उलटंपालटं करून पाहिलं. "लाकूडच आहे ना हे? घासता येईल?"

कोचबाईंनी मूठ काढून त्यांच्या हवाली केली. मी कपाटात उघडावाघडा पडून राहिलो. दवाखान्यात वहिनींनी ती आपल्या यंत्रावर घासली, मग कवळीचं माप घ्यायच्या लगद्यात स्वतःच्याच तळहाताचा ठसा घेतला आणि त्याबरहुकूम मुठीवर खाचा कोरल्या.

मूठ परत आली, माझ्यावर चढली. वहिनींनी मला धरलं. करंगळीसकट सगळी बोटं जागच्या जागी! श्वास संथ, डोळे सताड उघडे. ठो! मी जरासा हललो, एवढंच. कागदावरच्या काळ्या वर्तुळात एक छान गोल भोक पडलं. वहिनी लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या.

दीर बराच वेळ ते भोक न्याहाळत होते. मग हळूच म्हणाले, "वहिनी, माझ्याही मुठीचं काही करता येईल?"

"येईल की. उद्या नंबर लावा."

आता त्या दर आठवड्याला येतात. त्यांच्या घामानं माझी मूठ काळसर, गुळगुळीत झाली आहे आणि दुसऱ्या कुणाच्याच हातात मी नीट बसत नाही. कागदोपत्री क्लबचा, पण झालो एका माणसाचा. क्लबात आलात तर मला जरूर बघा, दोन शब्द बोला. उचलू मात्र नका हं. वहिनी येतीलच इतक्यात.