पिवळ्या उजेडाची बॅटरी

एक गोष्ट आधीच साफ करते, म्हणजे पुढे कटकट नको. माझे सेल उतरलेले नाहीत. माझा उजेडच पिवळा आहे. जन्मापासून.

मी बॅटरी. पुस्तकात मला विजेरी म्हणतात, माझ्या खोक्यावर टॉर्च छापलंय. पण आमच्या हट्टा गावच्या बाजारात कुणी विजेरी मागितली तर दुकानदार आधी त्याच्या तोंडाकडे बघेल. तेव्हा बॅटरीच म्हणा. मूठ मिटली की मी आत मावते, बाहेर फक्त माझा डोळा राहतो. अंग काळं, पोटात एकच सेल, तोही मोबाइलच्या चार्जरवर भरणारा. पाठीला खिशात अडकवायची पट्टी. पावसात भिजले तरी मला सर्दी होत नाही.

कारखान्यातलं फार आठवत नाही. एका बाईने बटण दाबलं, मी पेटले, तिने मला खोक्यात घातलं. झालं बारसं. डोळे उघडले ते थेट प्रमोदच्या दुकानात.

प्रमोद म्हणजे हट्ट्याचा मोबाइल दुरुस्तीवाला. बल्ब, वायरी, मोबाइलची कव्हरं आणि काचेच्या कपाटात आम्ही बॅटऱ्या. पांढऱ्या उजेडाच्या माझ्या बहिणी पटापट खपल्या. मी कपाटातच. दोनदा विकले गेले आणि दोनदा परत आले.

माणसं बॅटरी कशी पसंत करतात, ते त्या कपाटातून मी पोटभर बघितलं. आधी हातात घेऊन जोखतात, वांगी घेतल्यासारखी. जड असली की चांगली. मग भर दुपारी दुकानाबाहेर नेऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर झोत मारतात. भर दुपारी! माझी सूर्याशी कुस्ती लावायची आणि मी हरले की मी नापास. त्याहून शहाणे असतील ते मला स्वतःच्या डोळ्यात पेटवतात, थोडा वेळ आंधळे होतात आणि भिंत चाचपत म्हणतात, "पावर हाय बरं का."

म्हाताऱ्यांची तर गोष्टच सोडा. ते बघायच्या आधीच निकाल देतात.

"प्रमोद, हिचे सेल उतरलेत की रे."

"काका, नवी हाय. तिचा उजेडच तसा हाय."

"मला शिकवतो व्हय? पिवळी पडली की सेल गेला. बॅटऱ्या वापरण्यात जिंदगी गेली आमची."

जिंदगी गेली हे खरं. पण ती जुन्या बॅटऱ्यांत गेली. त्यांच्यात तारेचा बल्ब असायचा, सेल संपत आला की तो पिवळा पडायचा. तेव्हा ते बराबर होतं. माझ्यात ती तारच नाही. पण म्हाताऱ्यांचं ज्ञान बरणीतल्या लोणच्यासारखं असतं. एकदा झाकण लावलं की बाहेरची हवा लागू देत नाहीत.

मग एके दिवशी संपतराव आणि सुकन्या दुकानात आले.

संपतराव मेंढरांचे मालक. उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाचं पाणी मागे हटतं, काठाला हिरवं गवत फुटतं. तेव्हा ते कळप आणि बिऱ्हाड घेऊन तिकडे मुक्काम टाकतात. सुकन्या त्यांची मोठी पोर. दहावीला बसायच्या आत शाळेतून काढलेली. काहून? तर मेंढरं कोण बघणार! पोरगी हुशार आहे असं गुरुजी घरी येऊन सांगून गेले, तर संपतराव म्हणाले, "हुशार हाय म्हणूनच मेंढरं तिच्या हवाली करून राहिलो." हे उत्तर त्यांना स्वतःला इतकं आवडलं की अजून पाहुण्यांना ऐकवतात.

संपतरावांनी दुकानातली सगळ्यात लांबडी बॅटरी उचलली. निळसर पांढरा, डोळे फोडणारा उजेड. टाकीवर झोत मारून झाला.

"लांडगा लांबूनच दिसला पायजे," ते म्हणाले.

"लांबून दिसल्यावर काय करता आबा?" सुकन्याने विचारलं.

"आरडतो."

"आरडायला बॅटरी कशाला लागती?"

प्रमोद काउंटरखाली वाकून हसला. संपतरावांनी ऐकलंच नाही असं केलं. त्या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

सुकन्या मात्र टाकीकडे गेली नाही. ती टेबलाखालच्या अंधारात बसली आणि एकेक बॅटरी स्वतःच्या तळहातावर पेटवून बघू लागली. पांढऱ्या उजेडात तिचा हात राखेत घातल्यासारखा दिसला. मग माझी पाळी आली. माझ्या उजेडात हात हातासारखा दिसला. विटलेली मेंदी मेंदीसारखी, काटा मोडला होता ती जागा लाल. तिने मला दातात धरलं, दोन्ही हात मोकळे करून बघितले. बटण हळू दाबलं की मी मंद पेटते, तेही बघितलं.

"हीच," ती म्हणाली. "मेंढरं बुजणार न्हाईत. आन खुरातला चिखल कोणता, रक्त कोणतं, ते कळतंय."

"ताई, ही परत आणशील बघ. समदे आणतेत," प्रमोद म्हणाला.

"आणली तर नाव बदल माझं."

"कावीळ झाल्यावानी दिसून राहिली ती!" संपतराव कडाडले. "मुक्कामाला असली मरतुकडी बॅटरी?"

शेवटी त्यांनी त्यांची लांबडी घेतली आणि तिने मला. काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. त्या दिवसापासून मी तिथेच आहे.

धरणाकाठचे ते दिवस मला फार गोड वाटले, खोटं कशाला बोलू. जाळीच्या कुंपणात मेंढरं रवंथ करत बसलेली, पाण्यावरून थंड वारा. कोकराच्या खुरातला काटा काढायचा, लंगडीची जखम धुवायची, जाळीची गाठ सुटली का बघायची. सगळीकडे मी. सुकन्याची माय चंद्रभागाबाईसुद्धा चुलीपाशी मलाच मागायची. "तुमच्या लांबडीत भाकर भाजली का करपली तेच कळत न्हाई, समदी राखच दिसती," असं नवऱ्याला ऐकवायची. आणि संपतराव पाण्याच्या काठाला उभे राहून पलीकडच्या तीरावर झोत मारायचे. एकदा तिकडून मासेमारांचा आवाज आला, "कोण हाय बे! बंद कर, मासे पळून राहिले!" संपतरावांना वाटलं, उजेड पोचल्याची पावती मिळाली. खुशीत झोपले.

मग एक मेंढी मेली.

म्हातारी होती. चरता चरता बसली ती उठलीच नाही. म्हातारं मरतं, यात नवल काय? पण टपरीवर कुणीतरी संपतरावांच्या कानात घातलं की पाणथळ गवताने जंत होतात, पलीकडचा एक कळप असाच बसला. संपतरावांनी दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. घाबरले होते. घाबरलेला म्हातारा माणूस घरात विचारत नाही, बाहेर फोन करतो. त्यांनी मेंढरांचे व्यापारी अमृतराव यांना फोन केला आणि अख्खा कळप उचला म्हणाले. घरात कुणाला सांगितलं नाही.

पहाटेच्या अंधारात गाडीचा आवाज आला तेव्हा सुकन्या जागी झाली.

"उजाडायच्या आत भरू," अमृतराव म्हणाले. "ऊन झालं की मेंढरं गाडीत तापतेत." ते खोटं नव्हतं.

मेंढीच्या अंगात रक्त आहे का नाही, हे तिची खालची पापणी ओढून बघतात. आत लाल-गुलाबी असेल तर बरं. पांढरं असेल तर जंतांनी रक्त प्यालंय. संपतरावांनी लांबडी पेटवली, एका मेंढीची पापणी ओढली. फिकी. दुसरीची. फिकी. तिसरीही तशीच.

"बगा संपतराव, कागदावानी," अमृतराव म्हणाले. "मी म्हणून घेऊन राहिलो. दुसरा हात लावणार न्हाई."

अमृतराव लबाड होते का? मला नाही वाटत. त्यांनाही तेच दिसत होतं. फक्त ते दिसणं त्यांच्या फायद्याचं होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा बघितलं नाही.

सुकन्या गाडीच्या फळीला हात लावून उभी राहिली.

"आबा, मला इचारलं का?"

"तुला काय इचारायचं? बाप हाय मी."

"शाळेतून काढताना बी न्हाई इचारलं. मेंढरासाठी शाळा गेली माझी. आता मेंढरं गेली तर म्या काय करू? एका जागेवरून उठवलं, आता दुसऱ्या जागेवरून उठवता. बसू कुठं?"

अमृतरावांना राहवलं नाही. "लगीन लावून द्या संपतराव. मिटलं."

"लगीन काय जंताचं औषध हाय व्हय?" चंद्रभागाबाई चुलीपासून म्हणाली. "तुमच्या मेंढरास्नी तेच पाजता का?"

सुकन्याने मला दातात धरलं, दोन्ही हातांनी त्याच मेंढीची पापणी ओढली. लाल-गुलाबी. अगदी डाळिंबाच्या दाण्यासारखी. दुसरी, तिसरी, तशीच.

"पिवळ्या उजेडात समदंच चांगलं दिसल," संपतराव म्हणाले. "तुझ्या बॅटरीलाच कावीळ हाय."

आता खरं सांगते, मी घाबरले. कारण ही शंका चुकीची नव्हती. उजेड खोटं बोलतो. माझाही बोलू शकतो. पांढऱ्याचा खोटेपणा सिद्ध करायला पिवळ्याची साक्ष कोण मानणार?

सुकन्याने मला विझवलं. बापाच्या हातातून लांबडी घेतली.

"आबा, खाली बसा."

"काहून?"

"बसा तर."

ती मेंढरांना सांगते तसं तिने सांगितलं, म्हणून की काय, ते बसले. तिने त्यांच्याच बॅटरीचा उजेड त्यांच्या गालाला लावला, अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढली आणि व्यापाऱ्याकडे वळून म्हणाली,

"अमृतकाका, इकडं या. बगा. कागदावानी. आबाला बी जंत झालेत. त्यास्नी बी गाडीत घाला."

चंद्रभागाबाई इतकी हसली की तिच्या हातातली फुंकणी खाली पडली. अमृतराव वाकून बघायला लागले, मग गाडीवाल्याला बोलावलं, त्याचीही पापणी बघितली. तोही फिका. गाडीवाला बिचारा खरंच घाबरला. "मला काय झालं मालक?" म्हणून स्वतःचं कपाळ चाचपू लागला.

"माझं बी ऐकू नका, तुमचं बी नको," सुकन्या म्हणाली. "ऊन पडू द्या. उन्हाचं तर मान्य हाय ना?"

"मला उशीर होऊन राहिला," अमृतराव म्हणाले.

"च्या टाकलाय," चंद्रभागाबाई म्हणाली. "च्या न घेता गेलात तर आमची बदनामी हाय."

चहाला नाही म्हणता येत नाही. त्या चहाला मुद्दाम उकळी येईना. धरणावर तांबडं फुटलं, मग ऊन मेंढरांच्या पाठीवर आलं, आणि एकेक पापणी उघडली गेली. गुलाबी. गुलाबी. गुलाबी. थोड्या फिक्या निघाल्या, त्या खऱ्याच फिक्या होत्या. माझ्या उजेडात सुकन्याने त्या आधीच्या आठवड्यात वेगळ्या काढून पाठीला गेरूची बोटं ओढून ठेवली होती. बापाला सांगितलंही होतं. बाप तेव्हा पलीकडच्या तीरावर झोत मारत होता.

गाडी रिकामी गेली. फिक्यांना जनावरांच्या दवाखान्यातून औषध आणलं. एक वाचली नाही, बाकीच्या चरू लागल्या.

संपतरावांनी माफी मागितली का? छे. त्या पिढीला ती येतच नाही, कुणी शिकवलेलीच नाही. ते दिवसभर जाळीच्या गाठी बांधत बसले, ज्या आधीच बांधलेल्या होत्या. मला त्यांचा राग येतो, अजून येतो. मेंढरं कोण बघणार या भीतीपायी एका हुशार पोरीची शाळा घालवली आणि त्याच भीतीपायी तिचा कळपही घालवायला निघाले होते. बाप आहे म्हणून ते कमी होत नाही.

पण परवाची गोष्ट. अमृतरावांचा पुन्हा फोन आला. संपतरावांनी थोडा वेळ ऐकलं, फोन कानावरून काढला आणि सुकन्यापुढे धरला.

"तिच्याशी बोला," ते फोनमध्ये नाही, हवेत म्हणाले. "मेंढरं तिची हायेत."

सुकन्याने फोन घेतला. आधी जाळीतल्या मेंढरांवरून नजर फिरवली. मग ती म्हणाली, "काका, नर देईन. माद्या न्हाई. आन येताना उन्हाचं या."

असं माझं चाललंय. काचेला चरा गेलाय, पाठीची पट्टी तुटली, सेल पहिल्यासारखा टिकत नाही. टपरीवर चार्जिंगला लावतात तेव्हा भज्यांचा वास अंगाला बसतो. तक्रार नाही. कपाटात चकचकीत पडून राहण्यापेक्षा हे बरं.

तुम्ही बॅटरी घ्यायला गेलात तर एवढं करा. टाकीवर झोत मारू नका, टाकीला काही बघायचं नसतं. तुम्हाला जे बघायचंय, त्याच्यावर मारून बघा. खिशात ठेवून चार पावलं चाला. दातात धरून बघा. घरातलं म्हातारं माणूस सोबत असेल, तर तेवढा वेळ त्याला चहाला पाठवा. आणि ऊन पडलं की मला विझवा. तिथून पुढे माझं काम नाही.

थांबते. दोरा ओढला गेलाय, कुठल्यातरी कोकराच्या खुरात काटा घुसलाय. तिने बटण हळू दाबलं. येते.