पाटीवरचं बोट

"याच्यापेक्षा माऊस बरा होता. निदान मुठीत धरता तरी यायचा," कृष्णकांत पुटपुटले. बायकोला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, आणि गेलंच तर जावं इतपत मोठ्यानं.

मीनाक्षी त्यांच्या खांद्याशीच उभी होती, चहा घेऊन. टेबलावर ती काळी, तळहाताएवढी पाटी. ना वायर, ना शेपूट. वर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरायचा. माऊस नको त्या फाइली आपोआप उघडतो, म्हणून कृष्णकांतांनी तो दिवाळीतच अडगळीत टाकला होता. मग पुतण्या हृषीकेश अमेरिकेहून येताना हे घेऊन आला.

"गणपतीचं वाहन हाकलून दिलंत. आता बसा पाटीवर गिरवत," मीनाक्षी म्हणाली.

"पाटीच सदोष आहे. कुठला तरी करंट पकडते."

"बॅटरी वीक होगी, पापा," मधुवंती सॅक पाठीला लावत म्हणाली. लेकीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. हे निदान तिनं पडद्याकडे न बघताच केलं आणि कॉलेजला पळाली.

मीनाक्षीनं कप ठेवला. अर्धाच भरलेला. हल्ली या घरात कृष्णकांतांचा कप अर्धाच भरला जाई. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. मधुवंतीसुद्धा तसाच भरायची, आणि कप तिच्या हातून घेताना ते सुद्धा कधी "अर्धाच का?" म्हणत नसत.

साताऱ्याहून चंदीगडच्या मोठ्या हॉस्पिटलात आलेले कृष्णकांत डोळ्यांचे डॉक्टर. निवृत्ती जवळ आली होती, पण आजही पंजाब-हरियाणातली माणसं त्यांचं नाव विचारत येत. स्वतःच्या आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं त्यांनीच केली होती. आणि आता मीनाक्षीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. गुरुवारी ऑपरेशन. "माझ्या माणसाच्या डोळ्याला परका हात लागायचा नाही," असं ते चारचौघांत म्हणाले होते, आणि मीनाक्षीला ते वाक्य एखाद्या दागिन्यासारखं मिरवावंसं वाटलं होतं. डाव्या डोळ्यावर तिचं बरं चाललं होतं. शिवाय चंदीगडच्या जानेवारीत, त्या धुक्यात, डोळस माणसाला तरी काय दिसतं?

सकाळी ते हॉस्पिटलला जायला निघाले आणि थोड्या वेळानं फोन वाजला. त्यांच्या हाताखालचा डॉक्टर शशिकांत होता.

"वहिनी, गुरुवारचं सरांनी अगदी पक्कं केलंय का?"

"हो. का रे?"

"नाही, म्हटलं... मी होतोच मोकळा. म्हणजे सरांना मदत म्हणून. नाही, काही नाही, वहिनी. उपाशीपोटी या."

फोन ठेवल्यावरही तिचा हात रिसीव्हरवर तसाच राहिला.

जेवण झाल्यावर ती शेजारच्या ग्रेवालबाईंकडे त्यांचा डबा परत करायला गेली, तिळाच्या गजकाचे दोन तुकडे तोंडात टाकून परत आली. भर दुपारी घरात संध्याकाळ साचली होती. खिडक्यांना धुकं बाहेरून टेकून बसलं होतं. बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

कॉम्प्युटर चालू होता. खुर्ची रिकामी. टेबलावर पाटीही नव्हती. आणि पडद्यावरचा बाण हलत होता.

इकडून तिकडे फिरत नव्हता तो. एकाच जागी, एका चिमुकल्या चित्राच्या टोकाशी, थरथरत होता. मधात पाय अडकलेल्या माशीसारखा.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. मागच्या आठवड्यातही असाच दिसला होता. तेव्हा तिनं देवापाशी दिवा लावला, स्वतःला चार शिव्या घातल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? सासूबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं. याच खोलीत त्यांची कॉट होती. शेवटी शेवटी त्या नुसत्या पडून असायच्या, आणि त्यांचं बोट चादरीवर असंच, न थांबता, एकाच जागी चालू असायचं.

"आई?" मीनाक्षी पडद्याला म्हणाली.

म्हटल्यावर तिचं तिलाच हसू आलं, पण मानेवरचा काटा काही खाली बसेना. ती पुढे झाली. उजवा डोळा तळव्यानं झाकला. डाव्या, धड डोळ्याला बाण स्पष्ट दिसला. थरथरत होता. डावा झाकला. नुसतं दूध. पुन्हा उजवा झाकला.

थरथरतच होता.

मग तिला श्वास ऐकू आला. कुणीतरी जड काही उचलताना रोखून धरतं, तसा रोखलेला आणि मग सुटलेला. मागून.

जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात, दोन खोल्यांमधल्या अर्धवट ओढलेल्या कापडी पडद्याआड कृष्णकांत बसले होते. स्वेटर, मफलर, पायात मोजे. मांडीवर पाटी. पाटीवर उजव्या हाताची तर्जनी. नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. बाण त्या चित्रावर नेऊन तिथंच उभा करायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. एवढ्या थंडीत कपाळ ओलं होतं.

"हॉस्पिटलमधून कधी आलात?"

"मघाशीच. दुपारचं शशिकांत बघतोय."

"आजच, की रोज?"

मग ती जेवणाच्या टेबलापाशी गेली. शेजारची खुर्ची ओढून बसली. दोघं सिनेमाला आल्यासारखी त्या दूरच्या उजेडाकडे बघत राहिली. बाण थरथरत होता.

"तुमच्या पाटीतच काहीतरी आहे," ती म्हणाली. "हृषीकेशला सांगू, बदलून आण म्हणून."

"बॅटरी नवी घातली. दोनदा."

"मग माझा डोळाच तसला," ती घाईनं म्हणाली. मफलरचं टोक त्यांच्या खांद्यावरून सरकलं होतं, ते तिनं नीट केलं, नीट होतं तरी पुन्हा केलं. "पिकलाय ना. मला हल्ली सगळंच हलताना दिसतं. भिंतसुद्धा. गुरुवारी तुम्ही तो साफ केलात की बघा, बाण कसा खिळ्यासारखा उभा राहील."

कृष्णकांतांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आधी उजव्या डोळ्यात, मग डाव्यात, समोरच्या पेशंटकडे बघत तसं. खोटं समाधान देऊन त्यांनी आजवर कुठल्या पेशंटला परत पाठवलं नव्हतं.

"मोतीबिंदूनं धूसर दिसतं, मीनाक्षी. हलताना दिसत नाही."

त्यांनी पाटीवरचं बोट उचललं. पलीकडे पडद्यावर बाण जागच्या जागी थिजला.

"तुझ्या डोळ्याला बरोबर दिसतंय," ते म्हणाले. "माझा हात थरथरतो."